सातबारा नसलेल्याचा जामीन

मा. मुख्य न्यायमूर्ती,
मुंबई उच्च न्यायालय



गेल्या पावसाळ्यात एका तालुका कोर्टाच्या व्हरांड्यात एक बाई भेटल्या. मांडीवर प्लास्टिकची पिशवी, तिच्यात रेशनकार्ड आणि घड्या पडून फाटायला आलेला आदेश. "पोराला जामीन झालाय," त्या म्हणाल्या, "पण सोडत नाहीत." पंधरा हजारांचा जामीनदार हवा होता. जामीनदार म्हटला की सातबारा आला, नाहीतर तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला. घरात गुंठाभर जमीन नाही आणि गावातल्या जमीनवाल्यांच्या पाया पडून झालेलं. वीस दिवस गेले होते. व्हरांड्याच्या टोकाला एक माणूस घुटमळत होता. तीन हजारांत जामीनदार "उभा करून" द्यायला तो तयार होता.

या मुलाला आत ठेवण्याची गरज नाही, हे न्यायाधीशांनी ठरवलं होतं. मग त्याला आत ठेवलं कोणी? जामीनदार मागायचा तो आरोपी तारखेला यावा म्हणून. पण ज्याची म्हातारी आई गावात आहे, तो पळून कुठे जाणार? ही ओढ सातबाऱ्यावर लागत नाही.

हा प्रश्न नवा नाही. 1978 साली मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याकडे दहा हजारांचा जामीन मागितला गेला. भाऊ जामीन राहायला तयार होता, पण त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून तो नाकारला. सर्वोच्च न्यायालयात न्या. कृष्ण अय्यर यांनी ती अट खोडून एक हजाराच्या जातमुचलक्यावर त्याला सोडायला सांगितलं. आज बीडचा ऊसतोड कामगार कोल्हापुरात पकडला गेला, तर त्याचा भाऊ कोणत्या जिल्ह्याचा सातबारा दाखवणार?

31 जानेवारी 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा बजावलं: स्थानिक जामीनदाराचा आग्रह सुटकेला उशीर करतो, तो धरू नये, आणि महिनाभरात हमी भरली गेली नाही, तर न्यायालयाने स्वतःहून अट सैल करण्याचा विचार करावा. 2022च्या अखेरीस देशातल्या 5,73,220 कैद्यांपैकी 4,34,302 कच्चे कैदी होते, म्हणजे चारांतले तीन.

म्हणून दोनच विनंत्या. पहिली, जामिनाची रक्कम ठरवण्याआधी आरोपीची रोजची कमाई विचारली जावी, आणि किरकोळ गुन्ह्यांत जातमुचलका हाच पहिला पर्याय असावा. दुसरी, जामीन होऊनही महिनाभर आत राहिलेल्यांची यादी तुरुंगाकडून दर महिन्याला ठरल्या दिवशी न्यायाधीशांच्या टेबलावर यावी. त्या बाईंनी अर्ज करायची वाट न्यायालयाने पाहू नये. वकील कुठे बसतात, हेही त्यांना ठाऊक नव्हतं.

व्हरांड्यातल्या त्या माणसावर कधीतरी खटला होईलही. पण त्याचं गिऱ्हाईक तोडायला आपलं एक परिपत्रक पुरेल.

आपला नम्र,
एक नागरिक