नाव ‘टीप’, पानं शंभरेक!

ऑफिसच्या वायफायला आपण टाकलेला पासवर्ड टीएलएसच्या बोगद्यातून सर्व्हरकडे जातो. हे बोगदे कंपन्यांनी आपापल्या परीने खणले: पीप, ईएपी-फास्ट वगैरे. आयईटीएफने मात्र शहाणपणा केला. २०१२ मध्ये आधी अपेक्षांची यादी, मग २०१४ मध्ये सिस्कोच्या ईएपी-फास्टवर बेतलेलं टीप (शंभरेक पानांची टीप, आता बोला!). पण विंडोजमध्ये ते यायला २०२० उजाडलं. आणि कोड लिहिणाऱ्यांना कळलं, की किल्ल्या नेमक्या कशा काढायच्या हेच त्यात धड लिहिलेलं नाही. झालं, दस्तऐवज पुन्हा लिहायला घ्या!

माझं स्पष्ट मत: दोन वेगळ्या कंपन्यांचे कोड एकमेकांशी बोलल्याशिवाय असल्या प्रोटोकॉलवर शिक्का मारूच नये. उशीर होईल? तो तसाही झालाच की! आणि तोवर सर्टिफिकेट न बघता ‘कनेक्ट’ दाबणाऱ्यांचा पासवर्ड जुन्या बोगद्यांच्याच भरवशावर होता.