निरपराधाला शिक्षा झाली, तर पीडितालाही न्याय मिळत नाही

जुलै 2025 मध्ये आठवड्याभरात दोन मोठे निकाल लागले. 15 जुलैला सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतील एका फाशीच्या कैद्याला निर्दोष सोडले. चुकीने तुरुंगात काढलेल्या वर्षांची भरपाई कशी द्यायची, हा विषय कायदेमंडळाने हाती घ्यावा, असेही न्यायालयाने त्या वेळी सुचवले. 21 जुलैला मुंबई उच्च न्यायालयाने 2006 च्या लोकल रेल्वे बॉम्बस्फोट खटल्यातील सर्व 12 जणांची शिक्षा रद्द केली. त्यांतील पाच जणांना खालच्या न्यायालयाने फाशी सुनावली होती. एक जण तर अपिलाचा निकाल लागण्याआधीच कैदेत मरण पावला होता. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे न्यायालयाने सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवले नाही, पण हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये, असा आदेश दिला.

दोन दिवस वाहिन्यांवर आरडाओरडा झाला आणि विषय मागे पडला. आपल्या चळवळीतही त्यावर फारसे कोणी बोलले नाही. "तो आपला प्रश्न नाही" असा एक मूक समज त्यामागे आहे. हा समज चुकीचा आहे, असे आम्हाला वाटते. त्यासाठी महाराष्ट्रातलाच एक खटला पाहू. तो नाशिकचा आहे.

सहा माणसे आणि सोळा वर्षे

जून 2003 मध्ये नाशिकजवळच्या एका मळ्यातील झोपडीवर रात्री दरोडा पडला. पाच जणांचा खून झाला, स्त्रियांवर अत्याचार झाले. घरातील आई आणि एक मुलगा वाचले. गुन्हा अतिशय क्रूर होता, लोकांत संताप होता आणि पोलिसांवर दबाव होता. काही दिवसांनी भटक्या जमातीतील सहा मजूर पकडले गेले. 2006 मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. 2007 मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली आणि तिघांना जन्मठेप दिली. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे अपील मान्य करून पुन्हा सहाही जणांना फाशी सुनावली. म्हणजे तीन पायऱ्यांवरच्या तीन न्यायालयांनी तोच पुरावा पाहिला आणि तिन्ही ठिकाणी ते दोषी ठरले.

पुढे फेरविचार याचिकेवर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपलाच 2009 चा निकाल मागे घेतला आणि अपिले नव्याने ऐकली. 5 मार्च 2019 रोजी सहाही जण निर्दोष ठरले. वाचलेल्या आईने घटनेनंतर दोनच दिवसांनी पोलिसांच्या छायाचित्रांतून चार वेगळ्याच माणसांना ओळखले होते. त्या चौघांचा तपासच झाला नाही, आणि ही गोष्ट दाबून ठेवली गेली. पकडलेल्यांपैकी एक जण तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. आरोपी अत्यंत गरीब, भटक्या जमातीतील मजूर आहेत, त्यामुळे त्यांना खोटे गुंतवल्याची शक्यता नाकारता येत नाही, असे खुद्द न्यायालयाने नोंदवले. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यावी आणि दोषी अधिकाऱ्यांची चौकशी करावी, असा आदेश झाला.

पाच लाख रुपयांना सोळा वर्षांच्या दिवसांनी भागून पाहा. दिवसाला नव्वद रुपयेही पडत नाहीत. आणि त्यांतली बहुतेक वर्षे फाशीच्या छायेत गेली.

आता त्या आईचा विचार करा. तिच्या घरातली माणसे मारली गेली. तिने बोट दाखवलेल्या चौघांकडे कोणी पाहिले नाही, आणि सोळा वर्षांनी तिला कळले की शिक्षा भोगणारे गुन्हेगार म्हणून सिद्धच झालेले नाहीत. म्हणजे एकाच खराब तपासाने सहा निरपराधांचे आयुष्य खाल्ले आणि पीडितेचा न्यायही खाल्ला. आमचे म्हणणे एवढेच आहे, आणि पुढचे सगळे त्यावरच उभे आहे: आरोपीचा बचाव आणि पीडिताचा न्याय या एकमेकांविरुद्धच्या गोष्टी नाहीत.

हे पहिल्या चोवीस तासांत ठरते

"शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये" अशी म्हण आहे. पण वस्तीतला गरीब माणूस ती पायरी आपणहून चढत नाही. त्याला ती चढायला लावली जाते. चुकीची शिक्षा न्यायाधीशाच्या लेखणीतून उतरते खरी, पण तिची सुरुवात पोलीस ठाण्यात झालेली असते.

गावात चोरी झाली की आधी कोणत्या पालावर गाडी जाते, हे आपल्याला माहीत आहे. ब्रिटिशांनी 1871 मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला आणि काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. 1952 मध्ये तो कायदा रद्द झाला, पण सराईत गुन्हेगारांविषयीच्या कायद्यांतून तीच नजर पोलीस ठाण्यांत शिल्लक राहिली. तुरुंगातली जातवार कामाची वाटणी घटनाबाह्य आहे, हे सांगायला सर्वोच्च न्यायालयाला 3 ऑक्टोबर 2024 उजाडावा लागला.

संशयित पकडला की पुढची पायरी म्हणजे ओळखपरेड. ओळखपरेडीआधीच साक्षीदाराला आरोपी दाखवला, तर त्या ओळखीला अर्थ उरत नाही. पंचनाम्यावर नेहमीचे ठरलेले पंच सह्या करतात. कोठडीत दिलेल्या कबुलीला कायद्यात किंमत नाही, पण "आरोपीने दाखवलेल्या जागेतून हत्यार निघाले" असे कागदावर आले की त्याला किंमत मिळते. हे सगळे वेळेवर खोडून काढायला वकील लागतो, आणि तोही पहिल्या दिवसापासून. सत्र न्यायालयात साक्षीदाराची उलटतपासणी नीट झाली नाही, तर वरच्या न्यायालयात कितीही मोठा वकील उभा करा, तो त्याच अपुऱ्या कागदांवर बोलतो.

कायद्यात हक्क आहेत. घटनेच्या कलम 22 प्रमाणे अटकेचे कारण सांगितले पाहिजे, पसंतीच्या वकिलाला भेटू दिले पाहिजे आणि चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे. कलम 39-अ मोफत कायदेशीर मदतीचे आहे. 1979 च्या हुसैनआरा खातून प्रकरणापासून ही मदत कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानली जाते. 1986 मध्ये अरुणाचल प्रदेशातील एका प्रकरणात आरोपीला मोफत वकील मिळू शकतो हे सांगितलेच गेले नव्हते, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षाच रद्द केली. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 नुसार अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीला, स्त्रियांना आणि कोठडीत असलेल्या कोणालाही उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

हक्क आहे, पण वकील कसा मिळतो? 2019 मध्येच मध्य प्रदेशातील एका फाशीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले, की अशा खटल्यात न्यायालयाने नेमलेल्या वकिलाला किमान दहा वर्षांचा अनुभव असावा आणि तयारीला निदान सात दिवस मिळावेत. ज्या देशात हे सांगावे लागते, तिथे आजवर किती जणांचा बचाव उभ्या उभ्या कागद चाळून झाला असेल, याचा अंदाज करता येतो.

तुरुंगात कोण आहे?

2022 च्या तुरुंग आकडेवारीनुसार देशात 5,73,220 कैदी होते. त्यांतील 4,34,302 जणांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नव्हता. म्हणजे चारातले तीन कच्चे कैदी. 2011 च्या जनगणनेत अनुसूचित जातींचे प्रमाण 16.6 टक्के आहे. तुरुंगात मात्र दर पाच कैद्यांमागे एकाहून अधिक अनुसूचित जातीचा असतो. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने 2016 मध्ये फाशीच्या कैद्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात 74.1 टक्के कैदी आर्थिकदृष्ट्या दुर्बळ निघाले. देशभरात त्यांतले सुमारे एक चतुर्थांश अनुसूचित जाती-जमातींचे होते. महाराष्ट्रात हे प्रमाण निम्मे होते.

म्हणून "तो आपला प्रश्न नाही" असे म्हणण्याची सोय आपल्याला नाही.

आपल्या घोषणांचाही विचार करू

आपल्या समाजावर अत्याचार झाला की आपण रस्त्यावर उतरतो, आणि उतरलेच पाहिजे. पण "आरोपींना ताबडतोब फाशी द्या" ही घोषणा देताना आपण कोणाच्या हातात काय देतो, याचा विचार करावा लागेल. ताबडतोब म्हणजे तपासाशिवाय. तपासाशिवाय पकडलेला माणूस बहुतेक वेळा कोण असतो, हे नाशिकच्या खटल्याने दाखवले आहे.

शिवाय खराब तपास पीडित म्हणूनही आपल्यालाच भोवतो. खैरलांजीच्या हत्याकांडात आरोपींना शिक्षा झाली, पण अॅट्रॉसिटी कायद्याखालचा गुन्हा न्यायालयात टिकला नाही. जातीचा मुद्दाच निकालातून निसटला. तपास कमजोर असला की कुठे खरा गुन्हेगार सुटतो, कुठे खोटा अडकतो. दोन्हीकडे नुकसान दुबळ्याचे होते. म्हणून आपली मागणी कठोर शिक्षेच्याही आधी चांगल्या तपासाची असली पाहिजे.

काही ठिकाणी वकील संघटना "अमुक आरोपीचे वकीलपत्र कोणी घेऊ नये" असे ठराव करतात. 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे ठराव बेकायदेशीर ठरवले. आपल्या वकील मित्रांनीही हे लक्षात ठेवावे.

बाबासाहेबांनी 1923 मध्ये मुंबईत वकिली सुरू केली. 1926 मध्ये 'देशाचे दुश्मन' या पुस्तकावरून पुण्यात केशवराव जेधे, दिनकरराव जवळकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना खालच्या न्यायालयाने दोषी ठरवले. बाबासाहेबांनी त्यांचे अपील चालवले आणि आरोपी निर्दोष सुटले. घटना लिहिणाऱ्या बाबासाहेबांना आपण रोज आठवतो. आरोपीच्या बाजूने उभे राहणारे वकील बाबासाहेबही तितकेच आपले आहेत.

आपण काय करू शकतो

प्रत्येक तालुक्यात आपले विहार आहे, मंडळ आहे, अभ्यासिका आहे. तिथे चार-पाच तरुणांनी ही कामे वाटून घ्यावीत.

अटक झाल्याचे कळताच दिवस आणि वेळ लिहून ठेवावी. ठाण्यात किंवा पहिल्या रिमांडलाच वकिलाची मागणी करावी आणि ती कागदावर येईल असे पाहावे. विधी सेवेचा 15100 हा क्रमांक वस्तीतल्या प्रत्येक घरात लिहिलेला असावा. मारहाण झाली असेल तर दंडाधिकाऱ्याला तिथेच सांगावे आणि वैद्यकीय तपासणीची मागणी करावी.

घटनेच्या वेळी आपला माणूस दुसरीकडे होता, तर त्याचा पुरावा लगेच गोळा करावा. कारखान्याचे मस्टर, एसटीचे तिकीट, दुकानाचा सीसीटीव्ही. दुकानातले चित्रण काही दिवसांत पुसले जाते, म्हणून ते जपून ठेवण्यासाठी त्याच आठवड्यात लेखी अर्ज द्यावा. पोलीस ठाण्यातही सीसीटीव्ही असावा आणि त्याचे चित्रण जपावे, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2020 चा आदेश आहे. तोही मागता येतो.

दोषारोपपत्र वेळेत आले नाही, तर गुन्ह्यानुसार साठ किंवा नव्वद दिवसांनी जामिनाचा हक्क मिळतो. ही तारीख घरच्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी. प्रत्येक पेशीला घरचे किंवा मंडळाचे कोणीतरी न्यायालयात हजर राहावे. आरोपीच्या मागे माणसे आहेत हे दिसले, की वकीलही कागद वाचून येतो.

आणि मागणी सरकारकडेही आहे. चुकीच्या खटल्यात अडकलेल्यांना भरपाई आणि दोषी अधिकाऱ्यांवर कारवाई यांसाठी कायदा करावा, असे विधी आयोगाने ऑगस्ट 2018 च्या आपल्या 277 व्या अहवालात सुचवले होते. 1 जुलै 2024 पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले, पण त्यांतही निर्दोष सुटलेल्याला भरपाईचा हक्क देणारी ठोस व्यवस्था आली नाही. आज अशी भरपाई न्यायालयाच्या मर्जीवर आहे. नाशिकच्या सहा जणांना ती मिळाली, इतर बहुतेकांना मिळत नाही. पुढच्या मोर्च्याच्या निवेदनात ही मागणी आपण घालू या.

निळा झेंडा घेऊन पीडिताच्या दारात उभे राहायला आपण शिकलो आहोत. आता पोलीस ठाण्याच्या दारात, कोठडीतल्या गरिबासाठी उभे राहायलाही शिकू. तो आपल्या जातीचा असो वा नसो. नाशिकच्या त्या आईला न्याय हवा होता आणि त्या सहा मजुरांनाही हवा होता. नीट तपास झाला असता, तर कदाचित दोघांनाही तो मिळाला असता.