पोलिसाच्या मनाची झीज कोणाच्या खाती?

पोलिसांच्या मनःस्वास्थ्याचा विषय सरकारदरबारी निघाला की पुढचा कार्यक्रम ठरलेला असतो. मुख्यालयाच्या मैदानावर योगासनांचे शिबिर भरते, ताणतणावावर एखाद्या तज्ज्ञाचे व्याख्यान होते, वरिष्ठ अधिकारी सकारात्मक विचारांचे महत्त्व सांगतात आणि शिबिराला हजर असलेला शिपाई तेथून थेट बंदोबस्ताला जातो. एखाद्या अंमलदाराने आत्महत्या केलीच, तर ‘कौटुंबिक कारण’ असा शेरा मारून कागद मिटवला जातो. योगासनांनी कोणाचे वाईट होत नाही. पण ज्या दुखण्याचे मूळ कामाच्या रचनेत आहे, ते माणसाच्या स्वभावात शोधण्याची ही युक्ती आहे. आणि तिच्यामुळे सरकारचा पैसा वाचतो, हे तिच्या लोकप्रियतेचे खरे कारण आहे.

हा हिशेब एकदा उघडपणे मांडला पाहिजे. ‘कॉमन कॉज’ आणि ‘सीएसडीएस’ या संस्थांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या, अनेक राज्यांतील पाहणीत पोलीस कर्मचारी दिवसाला सरासरी १४ तास काम करतात, असे आढळले. त्याआधी २०१४ साली केंद्र सरकारच्याच पोलीस संशोधन व विकास ब्यूरोसाठी झालेल्या अभ्यासात, पोलीस ठाण्यांतील सुमारे ९० टक्के कर्मचारी ८ तासांहून अधिक राबतात, अशी नोंद आहे. १४ तास राबणारे चार शिपाई मिळून ५६ तास भरतात. ८ तासांच्या पाळीने हे काम सात माणसांचे होते. म्हणजे तीन माणसे नेमण्याचा खर्च सरकारने वाचवला. ही काटकसर नव्हे. शिपायाच्या झोपेतून आणि संसारातून उचललेले ते कर्ज आहे. त्याचे व्याज सरकार भरत नाही; निद्रानाश, रक्तदाब, दारू आणि घरातली भांडणे या रूपाने ते शिपाई आणि त्याची बायकामुले भरतात.

या उचलीला कायद्याचा आधार आहे. १८५७चा उठाव चिरडल्यानंतर इंग्रजांनी १८६१चा पोलीस कायदा केला आणि पोलीस सदैव कर्तव्यावर आहे, असे गृहीत धरले. राज्याच्या १९५१च्या पोलीस अधिनियमातील २८व्या कलमात तेच तत्त्व कायम राहिले. १९४८च्या कारखाने अधिनियमाने कामगाराच्या जादा तासाला दुप्पट मजुरी ठरवली. पोलिसाच्या बाबतीत मात्र जादा तास ही कल्पनाच कायद्याने पुसून टाकली.

मग तक्रार करायची कोणापाशी? धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय पोलीस आयोगाने १९७९च्या पहिल्याच अहवालात शिपायांची स्थिती आणि त्यांच्या तक्रारींचे निवारण हा प्रश्न सरकारपुढे ठेवला होता. त्यानंतर तीन वर्षांनी, ऑगस्ट १९८२मध्ये, मुंबईच्या पोलिसांनी काळ्या फिती लावून असंतोष व्यक्त केला. सरकारने त्यांच्या संघटनेची मान्यता काढली, पुढाऱ्यांना अटक केली आणि १८ ऑगस्टला उसळलेला उद्रेक लष्कर बोलावून शमवला. त्या दिवशीच्या जाळपोळीचे समर्थन कोणी करणार नाही. पण तोंड बांधलेल्या माणसाचा संताप कसा फुटतो, याचा तो धडा होता. राज्यकर्त्यांनी त्यातून तोंड अधिक घट्ट बांधण्याचाच बोध घेतला. १९६६चा केंद्रीय कायदा पोलिसांच्या संघटना-स्वातंत्र्यावर बंधने घालतो. निव्वळ सामाजिक, करमणुकीच्या वा धार्मिक स्वरूपाच्या मंडळांना तेवढी सूट आहे. भजनासाठी जमणाऱ्या शिपायांना कायदा आडवा येत नाही. कामाच्या तासांविषयी बोलण्यासाठी तेच शिपाई जमले, तर मात्र शिस्तभंग!

सहकाऱ्यांच्या परस्पर आधाराची योजना येथेच कळीची ठरते. लहान मुलाच्या प्रेताचा पंचनामा करून आलेला माणस रात्री झोपत नाही, हे वरिष्ठांच्या आधी शेजारच्या खाटेवरच्या सोबत्याला कळते. पण तो बोलत नाही, कारण बोलण्याचा परिणाम त्याला ठाऊक असतो. ‘मन थाऱ्यावर नाही’ असे म्हणणाऱ्याच्या नावावर कसुरी लागेल, बढती अडेल, बक्कल नंबरासोबत ‘वेडा’ हे नाव चिकटेल, ही भीती खरी आहे. अशा योजनेत गुप्ततेची हमी नसेल, तर ती आधाराची नव्हे, हेरगिरीची योजना होईल.

काही पुरोगामी मित्र विचारतील, ज्यांची लाठी संपकऱ्यांच्या आणि आदिवासींच्या पाठीवर पडते, त्यांच्यासाठी समाजवाद्यांनी अश्रू का ढाळावेत? प्रश्न अश्रूंचा नाही. कोठडीतील मारहाणीला थकवा ही सबब होऊ शकत नाही. मारणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे. परंतु लाठी धरणारा हात बहुधा कोरडवाहू शेतकऱ्याच्या किंवा कामगाराच्याच घरातला असतो. सरकार ज्याला वर्षानुवर्षे यंत्र म्हणून वापरते, त्याने समोरच्या नागरिकाला माणूस म्हणून वागवावे, ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? लोकशाहीला जबाबदार पोलीस हवा असेल, तर त्यालाही लोकशाहीतला कामगार मानावे लागेल.

‘तिजोरीत पैसा नाही’ हे उत्तर तयारच असते. पोलीस गाडीचे टायर झिजले, तर ते बदलण्याची तरतूद अर्थसंकल्पात असते; गाडी चालवणाऱ्याच्या मनासाठी मात्र कल्याण निधी, देणग्या आणि चित्रपटताऱ्यांच्या कार्यक्रमांची तिकिटे! हक्काची गोष्ट वर्गणीवर चालवली, की तिचा धर्मादाय होतो. म्हणून अर्थसंकल्पात या कामाचे स्वतंत्र लेखाशीर्ष हवे आणि रिक्त पदांमुळे दरवर्षी वाचणाऱ्या वेतनाचा ठरावीक हिस्सा त्यात जमा झाला पाहिजे. ज्यांच्या श्रमातून शिल्लक पडली, त्यांच्यावरच ती खर्च व्हावी, यात उपकार कसला?

या पैशातून नेमायचे समुपदेशक पोलीस खात्याच्या अधिकारसाखळीबाहेरचे असावेत. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाने उपचाराचा आणि गुप्ततेचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. खाकी गणवेशामुळे तो गळून पडत नाही. आधार देणारे सहकारी अंमलदारांनी स्वतः निवडावेत, त्यांना प्रशिक्षण मिळावे आणि त्यांचे हे काम कर्तव्याच्या तासांत धरले जावे. सल्ला घेतल्याची नोंद सेवापुस्तकात जाता कामा नये. मात्र ८ तासांच्या पाळीवाचून हे सारे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे ठरेल. ती पाळी अशक्य नाही. २०१६ साली मुंबईच्या देवनार पोलीस ठाण्यात ती सुरू झाली, तेव्हा तिचा आराखडा एका साध्या अंमलदाराने आकडेमोड करून मांडला होता. शिपायाला विचार करता येत नाही, असे मानणाऱ्यांना यापेक्षा वेगळे उत्तर देण्याची गरज नाही.

२६ नोव्हेंबर २००८च्या रात्री केवळ लाठी हाती असताना गोळ्या झेलणाऱ्या सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांना राष्ट्राने मरणोत्तर अशोकचक्र दिले, ते योग्यच झाले. पण मेलेल्यांना पुष्पचक्र आणि जिवंतांना कसुरी, हा न्याय किती काळ चालणार? पोलीस हा विषय राज्यघटनेने राज्यांकडे सोपवला आहे, म्हणजे दिल्लीकडे बोट दाखवण्याची सोय येथे नाही. पुढच्या अर्थसंकल्पात गृहखात्याच्या मागण्या चर्चेला येतील, तेव्हा गाड्यांची आणि कॅमेऱ्यांची संख्या विचारून झाल्यावर आमदारांनी एवढेच विचारावे, की चार माणसांकडून सात जणांचे काम करून घेण्याची किंमत सरकारने कोणाच्या खाती मांडली आहे?