नोंदणी केंद्राची, समुपदेशकाचे काय?

व्यसनमुक्ती केंद्राच्या भिंतीवर नोंदणीचे प्रमाणपत्र दिसले की नातेवाईक निर्धास्त होतात. पण मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार राज्य प्राधिकरणाकडे होणारी ही नोंदणी संस्थेची असते. रुग्णाशी रोज बोलणाऱ्या समुपदेशकाचे काय? डॉक्टर-परिचारिकांखेरीज इतर आरोग्य व्यावसायिकांसाठीच्या २०२१ च्या केंद्रीय कायद्यात समुपदेशकांचाही समावेश असून, राज्य परिषदेकडे त्यांच्या नोंदणीची तरतूद आहे. तिची काटेकोर अंमलबजावणी व्हायला हवी.

हा केवळ कागदाचा प्रश्न नाही. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली, तर दोन-तीन दिवसांत झटके येतात, भ्रम होतो. उपचार न मिळाल्यास जीवही जातो. हातांची थरथर पाहून ‘मन खंबीर कर’ म्हणायचे की डॉक्टरांना बोलवायचे, हे समुपदेशकाला कळलेच पाहिजे.

मात्र नुसती पदवीची अट नको. १९८६ मध्ये सुरू झालेल्या पुण्याच्या मुक्तांगणमध्ये व्यसनातून बाहेर पडलेलेच अनेकांना सावरत आले आहेत. अशांना प्रशिक्षण, परीक्षा आणि देखरेखीसह नोंदणीत घ्यावे.

तोवर कोल्हापूरकरांनी रुग्णाला दाखल करण्यापूर्वी दोन गोष्टी विचाराव्यात: समुपदेशकाचे प्रशिक्षण कुठे झाले? आणि रात्री-अपरात्री कोणते डॉक्टर येतात? उत्तर देताना टाळाटाळ झाली, तर दुसरे केंद्र पाहावे.