शिवारावर टांगलेला बॉम्ब

मे 2025 च्या पहिल्या आठवड्यात देवळा तालुक्यात उन्हाळ कांदा चाळीत भरण्याची घाई चालली होती. त्याच आठवड्यात केंद्र सरकारने 7 मेच्या मॉक ड्रिलसाठी ठिकाणांची यादी काढली. तीत नाशिक होते, सिन्नर होते आणि आपल्या शेजारचे मनमाडही होते. भोंगा वाजला की दिवे घालवायचे, आडोसा गाठायचा, हे लोकांना शिकवायचे होते. 10 मे रोजी भारत-पाकिस्तानच्या तोफा थांबल्या आणि आपण पुन्हा कांद्याच्या भावाच्या चिंतेला लागलो. ती चिंता खरीच आहे. पण लढणाऱ्या दोन्ही देशांकडे अणुबॉम्ब आहेत, ही गोष्ट आपण पारावर बोललो नाही. आमच्यासारख्या लिहिणाऱ्यांनीही ती पुरेशी लावून धरली नाही.

आज ती बोलायची आहे. अणुबॉम्ब वापरणे हे पाप आहे, यावर बहुतेकांचे एकमत होते. वाद असतो तो नुसता बाळगण्याबद्दल. आमच्या मते बाळगणे हीसुद्धा एक कृतीच आहे. ‘तू आमच्यावर टाकलास तर तुझ्या शहरातली लेकरे-म्हातारी आम्ही जाळू’ ही धमकी त्या शस्त्रातून रोज, चोवीस तास दिली जाते. धमकी खरी वाटावी म्हणून ती अमलात आणायची तयारी ठेवावी लागते. ज्यांनी कोणाचे काही बिघडवले नाही अशा कोट्यवधी माणसांना ओलीस ठेवून मिळणारी सुरक्षितता ही नीतीच्या कोणत्याही तराजूत खोटीच ठरते, मग तराजू इस्लामाबादचा असो, वॉशिंग्टनचा असो की दिल्लीचा.

आणि ओलीस फक्त शत्रूच्या शहरातली माणसे नाहीत. 2022 च्या ऑगस्टमध्ये ‘नेचर फूड’ या नियतकालिकात एक अभ्यास छापून आला. जळणाऱ्या शहरांचा काजळीचा धूर पावसाच्या ढगांच्याही वर जातो, तिथून पाऊस तो धुऊन काढू शकत नाही आणि तो वर्षानुवर्षे सूर्य अडवतो, असे त्यात गणित मांडले आहे. भारत-पाकिस्तान युद्धात पन्नास लाख टन काजळी उठली तरी जगाचे पीक काही वर्षांत सरासरी सात टक्क्यांनी घटते. तीच काजळी पावणेपाच कोटी टनांच्या घरात गेली तर दोन अब्जांहून अधिक माणसे भुकेने मरतील. हे आकडे संगणकाच्या अंदाजाचे आहेत, पण त्यांचा अर्थ देवळ्याच्या शेतकऱ्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. दहा मिनिटांची गारपीट वर्षाची कमाई नेते. आठ दिवस ढगाळ हवा राहिली की डाळिंबावर तेल्या येतो, कांद्यावर करपा येतो. लोहोणेरला गिरणेचे पात्र कोरडे पडले की कसा उन्हाळा निघतो, ते आपण भोगले आहे. आता एक नव्हे, ओळीने काही हंगाम सूर्यच मंद झाला तर? 1815 मध्ये तांबोरा हा एकच ज्वालामुखी फुटला आणि 1816 साली युरोप-अमेरिकेत उन्हाळाच आला नाही. उभी पिके गारठली. मनमाडवर बॉम्ब पडण्याची गरज नाही. तो हजार मैलांवर पडला तरी उमराण्याच्या मार्केटात माल येणार नाही.

‘असे कोणी करणार नाही, दोन्हीकडे शहाणी माणसे आहेत’ असे म्हटले जाते. 9 मार्च 2022 रोजी आपल्या देशातून एक ब्राह्मोस क्षेपणास्त्र चुकून सुटले आणि पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ जाऊन पडले. त्यावर स्फोटके नव्हती, जीवितहानी झाली नाही. चौकशी होऊन हवाई दलाचे तीन अधिकारी बडतर्फ झाले. याच ब्राह्मोसला सुखोईच्या पोटाखाली बसवून पहिले उड्डाण झाले ते आपल्या जिल्ह्यातल्या ओझरच्या एचएएलमधून, 25 जून 2016 रोजी. त्या कामगार-अभियंत्यांच्या कौशल्याचा आम्हाला अभिमान आहे. पण कौशल्य कितीही असो, चूक होते. ती साध्या क्षेपणास्त्रात झाली म्हणून निभावली. दोन देशांच्या मधली वाट काही मिनिटांची आहे. येणारे क्षेपणास्त्र कसले आहे हे ठरवायला तेवढाच वेळ.

प्रतिवाद आम्ही टाळत नाही. चीनने 1964 मध्येच अणुचाचणी केली, मग आपण हात बांधून बसायचे होते का? युक्रेनने 1994 मध्ये आपल्या भूमीवरची अण्वस्त्रे सोडली आणि पुढे त्याचे काय झाले? हे प्रश्न खरे आहेत, आणि म्हणूनच भारताने उद्या सकाळी एकट्याने बॉम्ब मोडावेत असे आम्ही म्हणत नाही. पण 1998 च्या मे महिन्यात आपल्या अणुचाचण्यांनंतर पेढे वाटताना ‘आता युद्धच होणार नाही’ असे जे सांगितले गेले, त्याचा हिशेब मागायला हवा. पुढच्याच वर्षी कारगिल झाले आणि पाचशेहून अधिक जवान गेले.

जगातले पहारे एकेक करून उठत आहेत. मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांचा अमेरिका-रशिया करार 2019 मध्ये संपला. त्यांच्यातल्याच ‘न्यू स्टार्ट’ या अण्वस्त्र कराराची मुदत 5 फेब्रुवारी 2026 रोजी संपली. सिप्री या संस्थेच्या जानेवारी 2025 च्या गणतीत भारताकडे सुमारे 180 आणि पाकिस्तानकडे सुमारे 170 अण्वस्त्रे होती. बंद नळकांड्यात ठेवलेल्या नव्या क्षेपणास्त्रांवर शांततेच्या काळातही अण्वस्त्र चढवून ठेवलेले असू शकेल, असा इशारा तिने भारताबद्दल दिला आहे. ‘प्रथम वापर नाही’ हे आपले 2003 पासूनचे जाहीर धोरण. मनोहर पर्रीकरांनी 2016 मध्ये वैयक्तिक मत म्हणून आणि राजनाथ सिंहांनी 2019 मध्ये पोखरणला, संरक्षणमंत्री असताना, त्यावर प्रश्नचिन्ह उभे केले. हे धोरण म्हणजे सरकारचा शब्द आहे, कायदा नव्हे.

नौदलप्रमुखपदावरून निवृत्त होऊन अलिबागजवळ शेती करणारे ॲडमिरल रामदास अखेरपर्यंत अण्वस्त्रांविरुद्ध बोलत राहिले. 2004 मध्ये त्यांना पाकिस्तानच्या आय. ए. रेहमान यांच्यासोबत मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्याने आरमार चालवले त्याला भित्रा कोण म्हणेल?

दोन्ही देश 1 जानेवारीला एकमेकांना अणुकेंद्रांच्या याद्या देतात, कितीही वैर असले तरी. 2005 पासून बॅलिस्टिक क्षेपणास्त्राच्या चाचणीची आगाऊ सूचनाही देतात. ब्राह्मोससारखी क्रूझ क्षेपणास्त्रे त्या करारात नाहीत, ती आणावीत. ‘प्रथम वापर नाही’ हे धोरण संसदेने कायद्यात बांधावे. शांततेत अण्वस्त्र आणि क्षेपणास्त्र वेगवेगळे ठेवले जाईल, असे सरकारने जाहीर करावे. या तीन मागण्यांमुळे कोणाची देशभक्ती कमी होत नाही. येत्या 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत या मागण्यांचा ठराव मांडा, आणि त्याची प्रत दिंडोरीच्या खासदारांना पाठवा.