गादी आणि पत

मराठीत व्यापाऱ्याची बैठक ही गादी आणि निजण्याचे अंथरूण तीही गादीच. एका गादीवर बसून माणूस शब्द देतो. दुसरीवर दुसरा माणूस त्या शब्दाच्या भरवशावर पाठ टेकतो. पूर्वी पिंजारी दारात येऊन कापूस पिंजीत असे. कापूस नवा की जुना, किती भरला, हे घरातील वडीलधारी मंडळी डोळ्यांदेखत पाहत. आता गादी यंत्राने दाबून, हवा काढून, गुंडाळून खोक्यातून येते. तिच्या पोटात काय आहे, हे विकणाऱ्याच्या शब्दाखेरीज कळण्यास मार्ग नाही. म्हणूनच हा शब्द खोटा निघाला, तर फसवणूक केवळ पैशांची राहत नाही.

मार्केट यार्डातील एका भुसार व्यापाऱ्याने उन्हाळ्यात आपल्या वृद्ध मातोश्रींसाठी ऑनलाइन गादी मागविली. मोबाइलच्या पडद्यावर ४२,००० रुपये ही किंमत खोडून खाली २१,००० रुपये लिहिले होते. शेजारी घड्याळ उलटे धावत होते : सवलत संपण्यास १४ मिनिटे. खाली ठळक अक्षरांत आश्वासन होते, शंभर रात्री निजून पाहा, न आवडल्यास पूर्ण पैसे परत. ज्या गृहस्थाने मूठभर वानगी तळहातावर घेतल्याशिवाय आयुष्यात एक पोते उचलले नाही, त्याने त्या १४ मिनिटांत पैसे भरून टाकले. दुसऱ्या दिवशी सकाळी सूनबाईंनी सहज पाहिले, तो घड्याळ पुन्हा पहिल्यापासून धावत होते आणि किंमत तीच होती.

तीन आठवड्यांत गादी मधोमध खोलगट झाली. मातोश्रींची पाठ अधिकच दुखू लागली. परतीसाठी दूरध्वनी केला, तेव्हा गादी मूळ वेष्टनात बांधून द्यावी लागेल, असे उत्तर मिळाले. अशी गादी एकदा उघडली की फुगते. घरच्या घरी ती त्या खोक्यात पुन्हा बसविणे अशक्य. आश्वासन ठळक अक्षरांत होते, अट मात्र शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत होती.

हा प्रकार एका देशाचा किंवा एका दुकानाचा नाही. ब्रिटनमध्ये स्पर्धा व बाजार प्राधिकरणाने एम्मा स्लीप या गादीविक्रेत्या कंपनीच्या अशाच घड्याळांची व सवलतींची चौकशी नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू केली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रकरण न्यायालयात नेले. भारतातही ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ‘डार्क पॅटर्न’ रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. त्यांत १३ प्रकार नमूद आहेत. खोटी घाई निर्माण करणे, न मागितलेली वस्तू बिलात सरकविणे, आरंभी कमी किंमत दाखवून शेवटच्या टप्प्यावर आकार वाढविणे हे त्यांपैकी काही. भ्रामक जाहिरातीसाठी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये १० लाख रुपयांपर्यंत, पुन्हा तोच अपराध घडल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

मात्र कायदा पुराव्यावर चालतो. खरेदीच्या क्षणी किंमत, घड्याळ आणि परतीची अट या तिन्हींची पडद्यावरील छायाचित्रे घेऊन ठेवावीत. नंतर पान बदलले, तर हाती काही उरत नाही. तक्रार लेखी करावी. ई-कॉमर्स नियमांनुसार कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यावयाची आणि एका महिन्यात तक्रार निवारावयाची असते. तेथे दाद न मिळाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची. तक्रार स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात करता येते, ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीस शुल्क नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. व्यापारी कुटुंबांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. घरच्या वापराची वस्तू पेढीच्या नावे, पेढीचा जीएसटी क्रमांक घालून कधीही घेऊ नये. व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार कायद्याने ‘ग्राहक’ ठरत नाही, आणि समोरचा पक्ष पहिले बोट त्या बिलावरच ठेवतो.

या व्यापाऱ्याने बिल स्वतःच्या नावे घेतले होते, आणि घड्याळाचे छायाचित्र सूनबाईंनी काढून ठेवले होते. हेल्पलाइनवर नोंद झाल्यानंतर पाच आठवड्यांनी पैसे परत आले.

खरा प्रश्न त्यानंतर उभा राहिला. चिरंजीवांनी सुक्या मेव्याची ऑनलाइन विक्री सुरू केली होती. दिवाळी तोंडावर आली. संकेतस्थळ बांधणाऱ्याने सुचविले, मूळ किंमत थोडी चढवून खोडावी, शेजारी घड्याळ लावावे, सगळेच लावतात. चिरंजीवांनाही ते पटले होते.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य व्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. घेण्याचे माप वेगळे आणि देण्याचे वेगळे ठेवणे हा त्यांतील एक. हलकी वस्तू अस्सल म्हणून खपविणे, म्हणजे प्रतिरूपक व्यवहार, हा दुसरा. तराजूच्या काळात सांगितलेली ही गोष्ट पडद्यालाही तंतोतंत लागू पडते. जी किंमत कधी कोणी दिलीच नाही ती खोडून दाखविणे, हे खोटे मापच आहे. त्यात गिऱ्हाइकाचा एक रुपयाही उघडपणे लुबाडला जात नाही. त्याची विचार करण्याची सवड तेवढी चोरली जाते.

वडिलांनी मुलाला घड्याळ लावू नकोस, असे सांगितले नाही. “शनिवारी रात्री सवलत खरोखर संपणार असेल, तर अवश्य लाव. रविवारी सकाळी भाव चढविण्याची तयारी मात्र हवी. आणि जी किंमत खोडशील, त्या किमतीचे एक तरी बिल आपल्या दप्तरी दाखव,” एवढेच ते म्हणाले.

चिरंजीवांनी दप्तर उघडले. बदाम गेल्या महिन्यात ज्या भावाने विकले होते, तीच किंमत त्यांनी खोडली. त्यामुळे सवलत निम्म्याऐवजी आठ टक्के दिसू लागली. घड्याळ शनिवारी रात्री बारा वाजता थांबले. रविवारी सकाळी एका जुन्या गिऱ्हाइकाने कालचा भाव मागितला. मुलाने वडिलांकडे पाहिले. वडिलांनी मान हलविली, आणि त्या गिऱ्हाइकाला नम्रपणे सांगण्यात आले की सवलत काल रात्रीच संपली.