पाणी शुद्ध कशाने होते?

मार्च १९२७ मध्ये बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली आपल्या माणसांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, तेव्हा सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध व दही यांच्या १०८ घड्यांनी ते तळे 'शुद्ध' केले! घाणीस शुद्धी म्हणणाऱ्या त्या शास्त्राशी आपला संबंध उरलेला नाही. आपला प्रश्न निराळा आहे. हर्सूलच्या कष्टकरी घरातील माठात जंतू आहेत काय, आणि ते घालविण्यास किती पैसे पडतात?

मलिक अंबराच्या नहरीने सतराव्या शतकात हर्सूलकडचे पाणी शहरात नेले. हर्सूलचा तलाव अद्यापि शहराच्या काही भागाची तहान भागवितो. तथापि नळास कित्येक दिवसांच्या अंतराने पाणी येणे ही येथील जुनी व्यथा आहे. पाणी पिंपात साठते, त्यात हात व तांब्या बुडतो, आणि केंद्रातून निर्दोष निघालेले पाणीही घरात बिघडते. म्हणून शुद्धीकरणाचे स्वस्त साधन घरातच हवे.

असे साधन होऊ शकते. पुण्याच्या टाटा संशोधन केंद्राने भाताच्या तुसाच्या राखेची गाळणी सिद्ध केली. पुढे राखेवर चांदीचे अतिसूक्ष्म कण बसवून टाटा केमिकल्सने २००९ साली 'स्वच्छ' हे यंत्र ७४९ रुपयांपासून विक्रीस काढले. त्यास वीज नको, वाहता नळ नको. एक बल्ब ३००० लिटर पाणी शुद्ध करी. रोज १५ लिटर लागणाऱ्या कुटुंबास तो २०० दिवस पुरे. पण नंतर नवा बल्ब घ्यावा लागे, आणि गरिबाची खरी अडचण येथेच आहे. संशोधकांनी यंत्राची नव्हे, या वारंवार खर्चाची किंमत उतरवावी.

दुकानदार मात्र 'आरओ' गळ्यात मारतात. ते क्षार काढते, वीज खाते आणि पुष्कळसे पाणी गटारात सोडते. तलावाच्या पाण्याचे मुख्य दुखणे क्षार नव्हे, गाळ व जंतू हे आहे. त्यासाठी भगिनींनी बचत गटाचे कर्ज काढू नये. पाणी उकळावे. इंधन परवडत नसेल तर गाळलेले, नितळ पाणी पारदर्शक बाटलीत भरून सहा तास कडक उन्हात ठेवावे. आभाळ असल्यास दोन दिवस.

परंतु घरात गाळणी आली म्हणून महापालिका सुटत नाही. प्रदूषणमुक्त पाणी हा कलम २१ खालील जीविताच्या हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने सुभाषकुमार विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात १९९१ सालीच सांगितले आहे. तेव्हा आपल्या वस्तीच्या नळाचे पाणी केव्हा तपासले, त्यात क्लोरीन किती आढळले, हे माहिती अधिकाराच्या अर्जाने विचारा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्ज एकट्याने न करता प्रत्येक गल्लीतून एक करावा.